बाहेर पडल्याची वेळ

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! बॅग मावशीच्या शिलाई मशीनखाली सारली आहे, कारण या घरात मोकळी जागा तेवढीच. मावशी शाळांचे गणवेश शिवते. पलंगावर निळं कापड, खुर्चीवर निळं कापड, फ्रिजच्या डोक्यावर बटणांचे डबे. मी झोपू कुठे असं विचारलं तर म्हणाली, पाचवीवर खुशाल झोप, सातवीला हात लावू नकोस, उद्या द्यायची आहे.

बँकेत आजच हजर झाले. चार आठवड्यांच्या इंटर्नशिपचं सर्टिफिकेट दिल्याशिवाय कॉलेज शेवटच्या वर्षाची मार्कशीट हातात देत नाही, आणि हे चार आठवडे मिळवायला बाबांनी किती जणांचे उंबरे झिजवले ते मला ठाऊक आहे. त्यामुळे साडेनऊची वेळ असताना मी नऊलाच दारात. दारावर 'ढकला' असं लिहिलंय आणि ते ओढावं लागतं. मी आपली ढकलत बसले. शेवटी बंदूकवाल्या वॉचमन काकांनी आतून उघडलं आणि म्हणाले, वाचता येणारे सगळे इथेच अडकतात.

मॅनेजरना शाखेत सगळे पाठीमागे 'होईल साहेब' म्हणतात. पंखा दुरुस्त करायचाय? होईल. रजा हवी? होईल. मला काय काम असेल असं विचारलं, तर फायलीतून मान वर न करता म्हणाले, होईल, होईल काहीतरी. दुपारपर्यंत मी अर्ज नंबराप्रमाणे लावले आणि तीन जणांना पेन उसनं दिलं. दोन परत आली.

संध्याकाळी बाबांचा फोन. मला बसायला खुर्ची मिळाली का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मिळाली म्हटलं. तिचा एक पाय आखूड आहे हे सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काम मिळालं! तळघरातल्या लॉकरांवर नेमणूक. सोळा पायऱ्या खाली उतरलं की लोखंडी जाळी, जाळीच्या आत हातभर जाडीचं पोलादी दार. ते सकाळी उघडून ठेवतात. आत खिडकी नाही. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत छोटी छोटी करडी दारं, प्रत्येकावर पितळी नंबर. एक टेबल, एक स्टूल. वास बंद कपाटातल्या स्वेटरचा.

इथलं सगळं लॉकरताईंच्या ताब्यात. बावीस वर्षं याच खुर्चीवर आहेत. सावकाश बोलतात, सावकाश चालतात, आणि चाव्यांचा जुडगा पदराखाली धरतात, कुणी लेकरू धरावं तसा. त्यांनी काम समजावलं. प्रत्येक लॉकरला दोन चाव्या लागतात. एक बँकेची, ती ताईंकडे. दुसरी गिऱ्हाईकाची, ती एकच असते, तिची नक्कल बँकेकडेही नसते. दोन्ही फिरल्या तरच दार उघडतं.

जाळीबाहेरच्या टेबलावर रजिस्टर. नाव, लॉकर नंबर, आत गेल्याची वेळ, सही, बाहेर पडल्याची वेळ, सही. निघताना माणसाला घाई असते म्हणून ताई दोन्ही सह्या आधीच घेऊन ठेवतात आणि वेळ नंतर स्वतः टाकतात. आत पाऊल टाकलं की नोंद, मग तो गिऱ्हाईक असो की आपण. मी हसले, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, रजिस्टरात नाही ते झालं नाही, आणि रजिस्टरात आहे ते झालं.

साडेबाराला भूगोलाच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या, पाठ ताठ. दर मंगळवारी येतात. त्यांचे यजमान जमीन मोजणीच्या खात्यात होते, त्यांनी हाताने काढलेले नकाशे लॉकरमध्ये आहेत. मी म्हटलं, घरी का नाही ठेवत? म्हणाल्या, लेकीच्या दोन खोल्यांत माझीच घडी घालून ठेवतात, नकाशांना कुठून जागा. मग एक नकाशा उलगडून दाखवला. नदीच्या वळणावर त्यांच्या नवऱ्याने इवलीशी छत्री काढली होती. तिथे मी पहिल्यांदा त्यांना भेटले, असं त्या म्हणाल्या. जाताना माझा गाल ओढला आणि पुढच्या मंगळवारी माझी परीक्षा घेणार म्हणाल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळ्या लॉकरांची कार्डं नंबराप्रमाणे लावली. एकूण दोनशे एकतीस. भिंतीवरची दारंही मोजली, दोनशे एकतीसच. पण पोलादी दारावर कारखान्याची पट्टी आहे, त्यावर 'लॉकर २१६' असं कोरलंय. ताईंना विचारलं. नंतर वाढवले असतील, एवढंच म्हणाल्या. पंधरा वाढवले तर एका रांगेत असायला हवेत ना? ते इकडे एक, तिकडे एक असे आहेत. जिथे कोरा पत्रा होता तिथे बसवल्यासारखे.

त्या पंधरा कार्डांवर आणखी एक गंमत. एकही माणूस पुन्हा कधी आलेला नाही. एकदा आत गेल्याची वेळ, एकदा बाहेर पडल्याची वेळ, आणि मग कोरं. भाडं मात्र सगळ्यांचं वेळेवर, खात्यातून आपोआप जातं.

मावशीला सांगितलं. ती दोऱ्याचं टोक ओलं करत म्हणाली, लोक कपाट घेतात आणि विसरतात, तुझ्या काकांनी नाही का व्यायामाची सायकल घेतली होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवस बरा गेला. एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती लिहून टाकते.

भूगोलाच्या बाई बारा पस्तीसला आल्या. ताईंनी चावी फिरवून दिली आणि वर गेल्या, मुख्य कचेरीतून तपासनीस आले होते. बाईंनी जाळीतूनच मला परीक्षेचा प्रश्न घातला: कुठली नदी समुद्राला मिळत नाही? मी आठवत बसले. तेवढ्यात वरून निरोप, रजिस्टर घेऊन ताबडतोब ये, सगळ्या वेळा भरलेल्या हव्यात. मी आत डोकावले. टेबलापाशी कुणी नव्हतं, बाईंची पिशवीही नव्हती. मी दोन मिनिटं शिपायाला आवाज द्यायला जिन्याकडे गेले होते, तेव्हा त्या गेल्या असतील असं वाटलं. आतला कोपरा मात्र जाळीतून दिसत नाही. आत जाऊन बघायला हवं होतं. नाही गेले. त्यांच्या सहीपुढे वेळ टाकली, एक वीस. वर धावले.

परत आले तर ताईंनी आतला दिवा मालवला होता आणि जाळी लावत होत्या. मी म्हटलं, बाई गेल्या ना? त्यांनी रजिस्टर बघितलं आणि मग माझ्याकडे. एक वीसला गेल्या की, म्हणाल्या. तुझंच अक्षर आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाईंची मुलगी आली होती. साधी, थकलेली, पायांत दोन वेगळ्या चपला. हातात गोळ्यांची पट्टी. आई काल घरी आलीच नाही, तिची दुपारची रक्तदाबाची गोळी चुकली आहे, असं म्हणत होती. ती पट्टी तिने सगळा वेळ हातातच धरली होती, आई समोर दिसली की लगेच देता यावी म्हणून. तिने पोलिसांतही कळवलं आहे.

होईल साहेबांनी रजिस्टर दाखवलं. एक वीस, बाईंची सही. जिन्यावरचा कॅमेरा तीन महिने बंद आहे. होईल, म्हणाले होते. हवालदारांनी मला विचारलं, तू बाहेर पडताना पाहिलंस? सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांच्या ओळखीतून मी इथे आले आहे. मी म्हटलं, हो.

हो म्हटलं मी. कशाला म्हटलं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी स्टूल उचलताना दिसलं. आतल्या कोपऱ्यात, जमिनीलगत, जिथे कोरा पत्रा होता तिथे दार आहे. पितळी नंबर नवाकोरा. दोनशे बत्तीस.

पुन्हा मोजलं. तीनदा. दोनशे बत्तीस.

कार्डांच्या पेटीत त्या नंबराचं कार्ड आहे. भूगोलाच्या बाईंचं नाव. माझ्या अक्षरात. मी ते लिहिलेलं नाही.

गुडघ्यावर बसून दारावर बोटाने टकटक केलं, उगाच. आपलं मन शांत करायला. आतून तीनदा वाजलं.

मी विचारलं, बाई? पुन्हा तीनदा वाजलं, आणि मग अगदी हलकं, कागद उलगडल्यासारखं काहीतरी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईंना जाळीपाशी गाठलं. आधी त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मी त्यांचा हात धरून त्या दारापाशी नेलं. त्या बसल्या नाहीत, वाकल्या नाहीत. डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन पाणी प्यायल्या आणि सगळं सांगितलं.

माणूस आत असताना बाहेर पडल्याची वेळ लिहिली गेली, की माणूस आतच राहतो. एवढंच. का, ते त्यांना माहीत नाही. त्यांच्या हातून एकदाच झालं, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. एक टॅक्सीवाला होता, बायकोच्या बांगड्या ठेवायला आलेला. बावीस वर्षं त्या दोनशे एकतीसच्या बाजूला बघत नाहीत. आधीचे त्यांच्या आधीच्यांच्या हातून. तेव्हापासून त्या स्वतः आत जाऊन, प्रत्येकाला हात लावून बाहेर काढतात, मगच वेळ टाकतात. मंगळवारी तेवढ्या वर गेल्या होत्या.

मग दिवा का मालवलात, असं मी ओरडले. म्हणाल्या, तू लिहून वर गेली होतीस, बाळ. मी आत पाहिलं तेव्हा खोली रिकामी होती.

दार उघडू या म्हटलं. त्यांनी बँकेची चावी लावून दाखवली, फिरली. पण दुसरी चावी बाईंकडे आहे. बाई आत आहेत.

लॉकर फोडायची परवानगी भाडं थकलं तरच मिळते. बाईंचं भाडं थकणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक वीसवर पांढरी शाई लावली. बाहेर पडल्याची वेळ कोरी केली. दाराशी बसले. टकटक चालू होती, आज जरा संथ.

मी म्हटलं, बाई, थोडं थांबा, मी आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पांढरी शाई वाळून पापुद्रा निघालाय. खाली एक वीस. गडद. जणू आत्ता लिहिलंय, शाई बोटाला लागली.

साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं, खूप चांगले वागले. म्हणाले, तळघरात हवा कमी असते, तुझी बदली काउंटरवर करू. कधी? होईल. मी म्हटलं, साहेब, एकदा खाली येऊन ऐका तरी. ते टेबलावरचे कागद एकसारखे करत राहिले. वर न बघता म्हणाले, मी तळघरात उतरून अकरा वर्षं झाली.

माहीत आहे त्यांना. सगळ्यांना माहीत आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाजारातल्या चावीवाल्याला आणलं. माझी सगळी शिल्लक त्याला देऊ केली. ताईंनी पाठ फिरवली आणि आम्हाला आत जाऊ दिलं, दोघांचीही नोंद केली, आणि जाळी एका हाताने धरून उभ्या राहिल्या.

गप्पिष्ट माणूस. येताना सांगत होता, मी उघडलं नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय. खाली बसला, तार घातली, कान लावला. हसू गेलं. तार बाहेर काढली तर टोक कोमट होतं, त्याने माझ्या हाताला लावून दाखवलं. म्हणाला, ताई, भोकात आतून कुणीतरी बोट धरलंय.

हत्यारं तिथेच टाकून गेला. पैसे घेतले नाहीत. ताईंनी त्याला जिन्यापर्यंत हात धरून सोडलं, मग मला, मगच वेळ लिहिली.

आज मंगळवार. साडेबाराला दारामागून आवाज आला, टकटक नाही, बोलणं. नीट कळलं नाही. मला वाटतं त्या प्रश्न विचारत होत्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाईंची मुलगी परत. तिला खरं सांगितलं. तुमची आई खाली आहे, मी वेळ लिहिली, माझ्यामुळे. ती बघत राहिली. तिला वाटलं मी थट्टा — नाही, थट्टा नाही, वेड लागलंय असं वाटलं. गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली. म्हणाली, तुझ्या आईवर अशी वेळ येऊ नये. आणि गेली. मी तिला खाली चला म्हणून ओढत होते, वॉचमन काकांनी मला धरून ठेवलं. कानाशी म्हणाले, सोड पोरी, आपल्या हातात नाही.

मावशीने बॅग मशीनखालून काढली. उद्याच्या गाडीने घरी जा म्हणते. बाबांना फोन केला तर म्हणाले, सर्टिफिकेटला दहाच दिवस राहिलेत, कळ काढ. मग म्हणाले, नको, ये.

येते म्हटलं. उद्या दुपारी. तेवढं एक करून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एक पाच. आत बसून लिहिते आहे. ताई जेवायला वर. रजिस्टर माझ्या मांडीवर आहे, म्हणजे माझी वेळ कुणी लिहू शकणार नाही. अकरा तारखेचं पान फाडणार. खोडून जात नाही. पण पानच नसेल तर —

फाडलं. तुकडे केले.

टकटक थांबली.

एक बारा. दार — दोनशे बत्तीसचं दार हललं. बोटभर उघडलंय. आपोआप. बाई! आत अंधार आहे, लॉकर हातभर खोल असतो, हा तर — टॉर्च मारला, मागची भिंत दिसतच नाही.

हात बाहेर आला. बाईंचाच. मी धरलाय, डाव्या हाताने लिहिते आहे. ओढते आहे. येत नाहीत. कोमट आहे हात, जिवंत आहे. या ना बाई, या —

वर ताईंचा आवाज. काकांना सांगतायत, रजिस्टर सापडत नाही, तपासनीस पुन्हा आलेत, नवं काढलंय. सकाळपासूनच्या नोंदी आठवून भरल्या. काकांनी विचारलं, आणि पोरगी? ताई म्हणतायत —

ताई म्हणतायत तिची आज गाडी आहे, गेली असेल, तिचीही बाहेर पडल्याची वेळ टाकली —

ताई! मी आत आहे! ताई!

ओरडते आहे. ऐकू जात नाही. ताई खाली आल्या, जाळीपाशीच आहेत, मला दिसतायत. माझ्याकडे बघतायत. मी त्यांना दिसत नाही. आत आल्या. हात लांब करून सगळीकडे चाचपतायत, टेबल, भिंत, कोपरा — माझ्या तोंडावरून हात गेला. मला लागला नाही. त्या रडतायत. त्यांना कळलंय, त्यांना कळलंय —

दिवा गेला.

अंधारात लिहिते. ओळी एकमेकींवर चढत असतील. बाईंनी माझा हात सोडला नाही, आता त्याच ओढतायत, हळू, लागू नये म्हणून हळू. आत खूप जण आहेत. श्वास ऐकू येतात. कुणीतरी पुरुष म्हणाला, सरका जरा, पोरीला जागा द्या. सरकले सगळे. चपला घासल्याचा आवाज.

मागे दार लागलं.

बाई विचारतायत, तुझी चावी कुठे आहे? आम्ही सगळ्यांनी आपापली जपून ठेवली आहे, कधीतरी दार उघडायला लागेल म्हणून. तुझी दाखव.

बाई, माझ्याकडे चावी नाही. मी गिऱ्हाईक नाही. मला कुणी दिलीच नाही, मी तर नुसती शिकायला आले होते, मग माझं दार कोण उघ